मुक्कामाची खोली आणि आपले नाव

सुट्टीत मुलाबाळांसह रिसॉर्टवर जायचे, तर आम्ही आधी विचारतो : खाटा किती, जादा गादीचे किती, गरम पाणी कधी येते? म्हाताऱ्यांसाठी तळमजलाच मागतो.

पण खोली मिळणे हाच एके काळी प्रश्न होता. १९१७ साली बडोद्याच्या पारशी सराईत बाबासाहेबांना रोज दीड रुपयात जेवण, माडीवर लहानशी खोली, लागून नळाची मोरी आणि रात्री एक कंदील मिळाला. तोही पारशी नाव लावून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले.

पुढे त्यांच्याच हातून घडलेल्या संविधानाच्या १५ व्या कलमाने हॉटेलातील जातीचा मज्जाव संपवला. म्हणून रजिस्टरमध्ये आम्ही आडनावासह पूर्ण नाव लिहितो, मुलांच्या देखत.