सिल्व्हर बर्चचं बोन्साय: थंडी सोसतं, ऊब सोसत नाही

सिल्व्हर बर्चच्या बोन्सायबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच कल्पनेतून येतात: झाड लहान राखलं म्हणजे ते नाजूक झालं. कुंडी वीतभर, उंची हातभर, तेव्हा त्याला घरात जपावं, गारठ्यापासून लपवावं, पाणी आणि खत बेतानंच द्यावं, असं मानलं जातं. प्रत्यक्षात कुंडी आणि छाटणी यांनी फक्त आकार बदलतो. रानात वीस-पंचवीस मीटर उंच होणारा बर्च आणि हे हातभर झाड सहसा एकाच बियाण्याचं असतं. ऋतूंशी असलेलं त्याचं नातंही तेच असतं, आणि त्याची देखभाल त्या नात्यावरूनच ठरवायला हवी.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे हिवाळ्यात झाड घरात आणणं. युरोपपासून सायबेरियापर्यंत, जिथे पारा उणे चाळीसपर्यंत उतरतो तिथे, हे झाड उघड्यावर उभं असतं. फिनलंडने 1988 मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्ष म्हणून निवडलं. उन्हाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागले की ते वाढ थांबवतं, कळ्या मिटून घेतं, पानं पिवळी करून गाळतं आणि हळूहळू गोठणाऱ्या थंडीसाठी तयार होतं. त्यानंतर काही आठवडे शून्याच्या जरा वरची थंडी मिळाली, तरच वसंतात कळ्या नीट फुटतात. वीस अंशांच्या खोलीत ही विश्रांती मोडते. मग अवेळी, कशीबशी पालवी येते, खिडकीतला उजेड तिला पुरत नाही, आणि साठवलेलं अन्न खर्चून झाड एक-दोन वर्षांत संपतं. दुकानाच्या काचेआड बोन्साय सुखात दिसतात, असा आक्षेप यावर घेतला जातो. ती बहुधा फायकससारखी उष्ण प्रदेशातली झाडं असतात. त्यांचा नियम बर्चला लावता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कडाक्याच्या थंडीत कुंडीतला बर्च खरोखरच मरू शकतो. हे खरं आहे, पण त्याचं कारण फांद्यांत नसून मुळांत आहे. मुळांची थंडी सोसण्याची ताकद फांद्यांपेक्षा बरीच कमी असते. जमिनीत त्यांना मातीचं आणि बर्फाचं पांघरूण मिळतं. उथळ कुंडीला मात्र चारी बाजूंनी आणि खालूनही गारठा लागतो. म्हणून पांघरूण द्यायचं ते कुंडीला. ती वाऱ्याच्या आड ठेवावी, कडेपर्यंत जमिनीत पुरावी किंवा पालापाचोळ्यात दडवावी. फारच थंडी पडली तर न तापवलेल्या शेडमध्ये न्यावी. थंडी अंगावर येऊ द्यायची, फक्त मुळं कडकडून गोठू द्यायची नाहीत.

एखादी फांदी अचानक वाळली की रोग समजून औषधं फवारली जातात. कीड तपासावीच, पण बर्चच्या बाबतीत हे अनेकदा त्याच्या स्वभावातच असतं. मोकळ्या, उजाड जमिनीवर सर्वांत आधी उगवणाऱ्या झाडांपैकी हे एक. ते प्रकाशाचं भुकेलं असतं, सगळा जोर शेंड्याकडे लावतं आणि सावलीत गेलेल्या खालच्या फांद्या सोडून देतं. दाट वाढलेल्या बर्चचे बुंधे खालून उघडे दिसतात ते याचमुळे. बोन्सायमध्ये याला उत्तर म्हणजे भरपूर ऊन, शेंड्याचे कोंब वेळीच खुडणं आणि गरजेपेक्षा थोड्या जास्त फांद्या राखणं. त्याचं आयुष्यही तसं कमीच. पाइन किंवा जुनिपरसारखा पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा त्याच्याकडून मागू नये; रानातले बहुतेक बर्चही शंभरीच्या आतच थकतात.

वसंतात छाटलं की रस वाहून झाड मरतं, हेही सर्रास ऐकू येतं. फिनलंड आणि रशियात लोक वसंताच्या तोंडाशी बर्चच्या खोडाला भोक पाडून पिण्यासाठी रस काढतात. मोठ्या झाडातून दिवसाला काही लिटर निघतो, तरी झाड जगतं. खरा धोका जखमेचा आहे. बर्चच्या जखमा सावकाश भरतात आणि लाकूड आतून लवकर कुजतं, त्यामुळे मोठी फांदी एकदम कापणं कुठल्याही ऋतूत वाईटच. काप लहान ठेवावा आणि तो पानं पूर्ण उघडून जून झाल्यावर घ्यावा. मुळं छाटून कुंडी बदलायचं काम मात्र कळ्या फुटण्याआधीच करावं.

पांढऱ्या सालीचा मोह तर सर्वांनाच असतो. कोवळ्या झाडाची साल तांबूस तपकिरी असते. पांढरेपणा बेट्युलिन या द्रव्यामुळे येतो, जे 1788 मध्ये लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने वेगळं केलं, आणि तो चढायला काही वर्षं जावी लागतात. घासून किंवा चुना फासून तो लवकर येत नाही. उलट घासल्याने हाताला लागणारी पांढरी पूडच निघून जाते. पाणी मात्र सढळ हवं, भर उन्हाळ्यात रोज, कधी दोनदा. खतही वाढीच्या काळात नियमित द्यावं. उपाशी ठेवून बोन्साय लहान राहत नाही, फक्त अशक्त होतं.

भारतात या कुळातलं आपल्या ओळखीचं झाड म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर बख्शाली हस्तलिखित लिहिलं गेलं. तेही गंगोत्रीच्या वर, हिमालयात वृक्षरेषेजवळच वाढतं. पुण्यात किंवा पणजीत सिल्व्हर बर्चचं बी रुजेलही, पण हिवाळ्यातल्या दुपारीही पारा तिशीच्या आसपास असतो तिथे त्याला विश्रांती कुठून मिळणार? इथल्या गच्चीसाठी उंबर, चिंच, बोगनवेल घ्यावी. लंडन किंवा हेलसिंकीत राहणाऱ्यांनी बर्च जरूर लावावा आणि बारा महिने बाहेर ठेवावा. मात्र तो आधीच घरात आणून त्याला पालवी फुटली असेल, तर लगेच बर्फात ठेवू नका. कोवळी पानं त्या थंडीत टिकणार नाहीत. दंव थांबेपर्यंत त्याला गार, भरपूर उजेडाच्या जागी ठेवा आणि मग कायमचं बाहेर न्या.