मधुमेह आणि दृष्टी : एका उधारीचा हिशेब

मधुमेह हा वर्षानुवर्षे तगादा न लावणाऱ्या सावकारासारखा रोग आहे. रक्तातील साखर वाढलेली असतानाही माणूस कचेरीत जातो, वर्गात शिकवितो, उत्तरपत्रिका तपासतो. त्याचे कोठे दुखत नाही की खुपत नाही. व्याज मात्र साचतच असते, आणि त्याच्या वसुलीचे एक ठिकाण म्हणजे डोळ्यातील दृष्टिपटल. लेखन-वाचनावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांना ही वसुली फार महाग पडते. म्हणूनच साखरेचे नियंत्रण आणि दृष्टी यांचा संबंध नेमका काय, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा राहत नाही.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागील बाजूचा, प्रकाश टिपणारा नाजूक पडदा. त्याला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्या अतिशय बारीक असतात. साखर दीर्घकाळ चढी राहिली की त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागतात. भिंतींना जागोजाग फुगवटे येतात, त्यांतून द्रव आणि रक्त पाझरते, काही केशवाहिन्या तर बंदच पडतात. रक्ताला मुकलेल्या पडद्यावर मग नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. परंतु त्या इतक्या तकलादू असतात की त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो आणि पुढे पडदाच ओढला जाऊन सुटू शकतो. पडद्याच्या मध्यभागी सूज आली, तर वाचनाची दृष्टीच धोक्यात येते. हे सारे बरेच पुढे जाईपर्यंत रुग्णाला मात्र अक्षर स्वच्छ दिसत असते.

दोन प्रदीर्घ प्रयोग

१९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि मधुमेही माणसाचे आयुष्य वाढले. त्याबरोबरच डोळ्यांचे व मूत्रपिंडांचे उपद्रवही अधिक दिसू लागले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास ते टळतात, की ते अटळच आहेत, हा वाद पुढे कित्येक दशके चालला. तो मिटविला अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या प्रयोगाने. इन्शुलिनवाचून जगूच न शकणाऱ्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांचे त्यात दोन गट करण्यात आले. एकाला त्या काळचे नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्याची साखर शक्य तितकी स्वाभाविक पातळीजवळ ठेवण्यात आली. सरासरी साडेसहा वर्षांनंतर असे आढळले की, आरंभी ज्यांच्या पडद्यात दोष नव्हता त्यांच्यात तो उद्भवण्याचा धोका काटेकोर नियंत्रणामुळे ७६ टक्क्यांनी घटला. सौम्य दोष असलेल्यांत तो बळावण्याचा धोका ५४ टक्क्यांनी घटला.

प्रौढ वयात जडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाविषयी असाच प्रयोग ब्रिटनमध्ये १९७७ पासून चालला. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. साखरेच्या कडक नियंत्रणामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव सुमारे एक चतुर्थांशाने घटले. शिवाय, ज्यांचा रक्तदाबही कसोशीने आटोक्यात ठेवला गेला त्यांच्यात पडद्याचा विकार बळावण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. साखरेचा विचार करताना रक्तदाब विसरून चालत नाही, हा त्याचा अर्थ.

याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. अमेरिकेतील प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर हळूहळू जवळजवळ सारखी झाली. तरीही ज्यांनी आधी काटेकोर नियंत्रण ठेवले होते त्यांच्या डोळ्यांना त्याचा लाभ पुढे अनेक वर्षे मिळत राहिला. आरंभीच्या वर्षांतील पथ्य हे असे गुंतविलेल्या भांडवलासारखे असते. उशिरा केलेल्या धावपळीने ते भरून निघत नाही.

एका दिवसाची शिल्लक नव्हे

येथेच सर्वसामान्य रुग्णाचा हिशेब चुकतो. रक्त तपासावयाच्या आधी चार दिवस गोड वर्ज्य करावयाचे, उपाशीपोटीचा आकडा बरा आला की समाधान मानावयाचे, आणि मग पुन्हा पूर्ववत चालू द्यावयाचे, ही रीत घरोघर आढळते. उपाशीपोटीची साखर ही त्या सकाळची रोकड शिल्लक होय. एवनसी ही तपासणी मात्र मागील दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद दाखविते; कारण रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ती मोजते आणि तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. दृष्टिपटलाचा संबंध या ताळेबंदाशी आहे.

अर्थात साखर जितकी कमी तितके बरे, असेही नव्हे. वर सांगितलेल्या अमेरिकी प्रयोगात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग काटेकोर गटात सुमारे तिप्पट घडले. साखर एकदम खाली आणल्यावर पहिल्या वर्षात काहींच्या पडद्याचा दोष तात्पुरता वाढलाही. दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात अतिकडक नियंत्रणाच्या गटात मृत्यू अधिक आढळल्याने २००८ मध्ये ते नियंत्रण थांबवावे लागले. म्हणून रुग्णाचे वय, इतर आजार व डोळ्यांची स्थिती पाहून डॉक्टरांनी मर्यादा ठरवावी आणि रुग्णाने ती सातत्याने पाळावी, हाच मार्ग शहाणपणाचा.

व्यक्तीचे पथ्य, समाजाची व्यवस्था

तथापि सारा भार व्यक्तीच्या संयमावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पथ्याची किंमत आज मोजावी लागते आणि लाभ दहा-पंधरा वर्षांनी मिळतो. अशा व्यवहारात माणूस स्वभावतःच आजच्याकडे झुकतो. त्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी रजा टाकावी लागते, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास वाचता येत नाही. दिसते तर आहे, मग तपासणी कशाला, असे म्हणणे त्याला सोपे जाते.

इंग्लंडने ही अडचण व्यवस्थेने सोडविली. २००३ पासून तेथे मधुमेहींना पडद्याच्या छायाचित्रासाठी नियमित बोलावणे धाडण्याची योजना उभी राहिली. २००९-१० च्या नोंदींत असे दिसले की, इंग्लंड व वेल्समधील काम करण्याच्या वयातील लोकांच्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहजन्य नेत्रविकाराचा पहिला क्रमांक पाच दशकांत प्रथमच सुटला होता. याचे श्रेय एकट्या या योजनेचे नसले, तरी तिचा वाटा नाकारता येत नाही.

भारतात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्याचा भर प्रामुख्याने मोतीबिंदूवर राहिला, आणि ते त्या काळी योग्यच होते. पण मोतीबिंदू काढल्यावर बहुधा दृष्टी परत येते. दृष्टिपटलाचे तसे नाही. लेसर आणि डोळ्यातील इंजेक्शने ही मुख्यतः उरलेली दृष्टी राखतात. देशव्यापी पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. एवढ्या लोकांनी दिसेनासे झाल्यावर नेत्रतज्ज्ञाकडे जावयाचे ठरविले, तर कोणतीही रुग्णालये पुरी पडणार नाहीत.

यासाठी साखर जेथे तपासली जाते तेथेच पडद्याचे छायाचित्र घेण्याची सोय झाली पाहिजे. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञ करू शकतो; तज्ज्ञाने छायाचित्रे दुसरीकडे बसून पाहिली तरी चालते. शाळा, कचेऱ्या व बँका यांनी मधुमेही कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा याकरिता अर्ध्या दिवसाची भरपगारी सवड दिली, तर तो खर्च ठरणार नाही. अनुभवी शिक्षक किंवा कारकून पन्नाशीतच दृष्टीला मुकला, तर त्याच्या घराला आणि संस्थेला सोसावे लागणारे नुकसान त्याच्या कित्येक पटींनी मोठे असते.