कापसाची धूळ आणि श्वासाची वाट

1906 साली खानदेशचे दोन जिल्हे होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची सदर ठिकाणे झाली, तरी दोहोंकडे कापसाचा अंमल कायम राहिला. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सुटताना जी बारीक धूळ उडते, ती नाकातील केसांनी अडवावी आणि तेथूनही निसटलेली श्वासनलिकेतील सूक्ष्म रोमांनी कफासह घशाकडे परत लोटावी, असा शरीराचा बंदोबस्त आहे. परंतु वर्षानुवर्षांच्या धुळीपुढे तो अपुरा पडतो. श्वासनलिकेच्या शाखा आकसतात, आणि साप्ताहिक सुटीनंतर कामावर रुजू झालेल्या मजुराची छाती पहिल्याच दिवशी आवळून येते, हे बिसिनोसिस या विकाराचे विलक्षण लक्षण होय. हवा आत ओढणारे श्वासपटल आपले काम करीतच असते, प्राणवायू रक्ताच्या हवाली करणारे कोट्यवधी वायुकोशही सज्ज असतात. अडते ते मधल्या वाटेवर. म्हणूनच कारखान्यात धूळ खेचून घेणारे पंखे बसवणे मला औषधाहून निकडीचे वाटते.