फिजिक्स घेऊन मास्तरकीच करायची का?

बारावीचा निकाल लागला की हे ऐकू येतंच: ‘फिजिक्स घेऊन करणार काय? मास्तरकीच ना?’ काका, मामा, शेजारी, सगळे काळजीपोटीच बोलतात. पण या एका वाक्यापायी आवड असलेली मुलं मन मारून भलतीकडे प्रवेश घेतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

कॅन्सर रुग्णालयाच्या रेडिओथेरपी विभागात पहिला पेशंट आत येण्याआधी काय चालतं ते पाहा. लिनॅक यंत्राखाली ठोकळा ठेवून, त्यात मोजणीचं उपकरण सरकवून, ठरल्याइतकाच किरणोत्सर्ग बाहेर पडतोय ना, हे एक बाई तपासत असतात. त्या डॉक्टर नाहीत. एम.एस्सी. फिजिक्स झालेल्या मेडिकल फिजिसिस्ट आहेत. गाठीला मात्रा किती, हे डॉक्टर ठरवतात. शेजारचा मज्जारज्जू सांभाळून ती कोणकोणत्या कोनांतून द्यायची, याचं गणित त्या मांडतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांमुळे हे पद रेडिओथेरपी केंद्राला भरावंच लागतं. एम.एस्सी.नंतर त्यासाठी रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करावी लागते. भाभा अणुसंशोधन केंद्रात ती एक वर्षाची आहे. याच केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमधून वैज्ञानिक अधिकारी होता येतं. त्यांचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो, भत्ते वेगळे. शिवाय हवामान खातं आहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत. जाहिरातीत ‘भौतिकशास्त्रज्ञ पाहिजे’ असं लिहीत नाहीत, एवढंच.

आणि मास्तरकी तरी कुठे सहज मिळते? नेट-सेट होऊनही कित्येक जण तासिका तत्त्वावर वर्षं काढताहेत. काळजी करायची तर ती याची करा.

‘पीएच.डी. म्हणजे पाच वर्षं घरचं खायचं.’ साफ चूक. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००, घरभाडं निराळं.

‘खगोलशास्त्र म्हणजे रात्री दुर्बिणीला डोळा लावणं.’ नारायणगावजवळ खोडदला जाऊन या. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दिवसाढवळ्याही आकाशातल्या रेडिओलहरी टिपतात. तिथे इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग येणारे लोक लागतात, आणि हीच कौशल्यं बाहेरच्या उद्योगांतही चालतात.

‘त्यासाठी खगोलशास्त्राचीच पदवी हवी.’ नको. फिजिक्स पक्कं हवं.

मात्र नुसत्या बी.एस्सी.वर यातलं फारसं हाती लागत नाही. घरात कोणी बी.एस्सी.ला असेल, तर दुसऱ्या वर्षापासूनच एम.एस्सी.च्या ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्याच्या हातात द्या.