निद्रिस्त विषाणू

परीक्षा जवळ आली, की पुष्कळ घरांत एक गोष्ट दृष्टीस पडते. एरवी धडधाकट असलेल्या मुलाच्या ओठांच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड उठतात. ‘जागरणाने उष्णता झाली’ असे म्हणून वडील माणसे तो विषय सोडून देतात. परंतु काळजी मनाला आणि फोड ओठाला, हे कसे घडते?

काही रोगांचे विषाणू शरीरात एकदा शिरले, की पुन्हा बाहेर जात नाहीत. ओठांवर फोड आणणारा विषाणू बहुधा बालपणीच शरीरात येतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशींत दडून बसतो. कांजिण्यांचा विषाणूही असाच मज्जापेशींत राहतो व कधीकधी कित्येक वर्षांनी ‘नागीण’ या रोगाच्या रूपाने प्रकट होतो. याच कुळातील आणखी एक विषाणू १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार या शास्त्रज्ञांनी शोधून काढला. जगातील शंभर प्रौढांपैकी नव्वदांहून अधिक माणसांच्या शरीरात तो असतो. पण बहुतेकांना त्याची वार्ताही नसते, कारण तो निद्रिस्त असतो.

या विषाणूंना दाबून ठेवण्याचे काम रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखून तिचा नाश करणे, हे त्यांच्यापैकी काहींचे कार्यच होय. हा पहारा रात्रंदिवस चालतो. मात्र तो सदैव सारखाच कडक असतो काय?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर या मानसशास्त्रज्ञ विदुषी आणि त्यांचे पती, विषाणुतज्ज्ञ रोनाल्ड ग्लेझर, यांनी या प्रश्नाचा शोध घेतला. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या ७५ विद्यार्थ्यांचे रक्त त्यांनी परीक्षेपूर्वी एक महिना आणि पुन्हा परीक्षा सुरू झाली त्या दिवशी तपासले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे आढळले, की परीक्षेच्या वेळी पहारेकरी पेशींचा जोर पुष्कळ कमी झाला होता. दुसऱ्या एका प्रयोगात निद्रिस्त विषाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये रक्तात किती आहेत, हे पाहिले. ती परीक्षेच्या काळात अधिक आणि उन्हाळ्याच्या सुटीनंतर कमी भरली. प्रतिद्रव्ये वाढली, हे चांगलेच नव्हे काय? तसे नाही. गावातील पहारा ढिला पडला, की चोरांचा वावर वाढतो आणि ‘चोर, चोर’ अशा आरोळ्याही अधिक ऐकू येतात. प्रतिद्रव्यांची वाढ ही तशीच आरोळी होती. झोपलेले विषाणू जागे होत होते.

याचे एक कारण मूत्रपिंडांच्या माथ्यावरील लहान ग्रंथींत आहे. मनावर ताण आला, की या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. संकटाच्या घटकेला ते उपकारक ठरते. पण काळजी आठवडेच्या आठवडे टिकली, तर पांढऱ्या पेशींचे काम मंदावते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर एक लहानशी जखम सुटीत व दुसरी तशीच परीक्षेच्या तोंडावर केली गेली. परीक्षेच्या वेळची जखम भरून यायला सरासरीने तीन दिवस अधिक लागले!

यावरून परीक्षा आली म्हणजे प्रत्येकजण आजारी पडतो, असे समजू नये. ओहायोच्या त्या विद्यार्थ्यांतही, ज्यांना फार एकाकी वाटत होते त्यांच्या पहारेकरी पेशी अधिक दुर्बल आढळल्या. म्हणून वर्षभर थोडा थोडा अभ्यास करावा, रात्री पुरेशी झोप घ्यावी आणि मनातील भीती आईवडिलांना, गुरुजींना किंवा मित्राला मोकळेपणाने सांगावी. मन हलके झाले, म्हणजे शरीराचे पहारेकरीही आपले काम दक्षतेने करू शकतात.