गावचे घर विकताना किंवा घेताना: पेडणे-डिचोलीकरांना पडणारे प्रश्न

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली आपली अनेक कुटुंबे पणजी-म्हापशाला, मुंबई-पुण्याला किंवा परदेशात स्थायिक झाली. गावचे घर मात्र आजोबांच्याच नावावर राहिले. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली, पेडण्यातल्या जमिनीला गिऱ्हाईक वाढले आणि सभासदांचे प्रश्नही वाढले. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आम्ही इथे एकत्र देत आहोत. प्रत्यक्ष व्यवहार करताना गोव्यातल्या जमीन कायद्याची माहिती असलेला वकील मात्र जरूर गाठावा.

एक-चौदावर नाव आहे, म्हणजे मालक झालो का?

नाही. फॉर्म १ व १४ हा महसुली उतारा आहे. त्यातली नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण ती मालकीचा दस्त नव्हे. पंचायतीची घरपट्टी आणि वीजबिल यांनीही मालकी सिद्ध होत नाही. खरी मालकी नोंदणीकृत विक्रीखत, बक्षीसपत्र, वाटणीचा आदेश किंवा पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणी यांतून दिसते. जुने दाखले पोर्तुगीजमध्ये असतात. त्यांचे भाषांतर करून घ्यावे आणि त्यातल्या चतुःसीमा आजच्या सर्वे नंबराशी जुळतात का, हे तपासावे.

उताऱ्यावरचे कूळ आणि इतर हक्क हे रकाने बहुतेक जण वाचतच नाहीत. घेणाऱ्याने तेच आधी वाचावेत.

घर वडिलांच्या नावावर होते. ते वारले. आता सह्या कोणाच्या?

बहुतेक व्यवहार इथेच अडतात. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणजे घर कागदोपत्री एकट्या वडिलांचे असले तरी अर्धे आईचे असते. वडिलांचा अर्धा भाग मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांत समान वाटला जातो. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा हक्क तसाच राहतो.

वारशाने आलेला हिस्साही सामाईक मालमत्तेत जात असल्याने विक्रीखतावर सुनांच्या आणि जावयांच्याही सह्या लागतात. आई, तीन मुले, दोन मुली आणि सगळ्यांचे जोडीदार धरले तर सह्या झाल्या अकरा. त्यातली एक राहिली तरी घेणाऱ्याच्या मालकीत खोट राहते, आणि पुढे तोच वाद कोर्टात जातो.

मृत्युपत्र केले असेल तर?

गोव्यात मुले असलेल्या माणसाला आपल्या वाट्यापैकी अर्ध्याचीच विल्हेवाट मनासारखी लावता येते. उरलेला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. त्यामुळे सगळे घर धाकट्याला लिहून दिले असे कोणी सांगितले, तरी तेवढ्यावर पैसे मोजू नयेत.

वारसांचा दस्त आणि इन्व्हेंटरी यांत फरक काय?

वारसांचा दस्त विशेष नोटरीपुढे होतो. वारले कोण आणि त्यांचे वारस कोण, एवढेच तो सांगतो. कोणाला कोणती खोली, कोणते भाट, हे तो ठरवत नाही. ती वाटणी इन्व्हेंटरीत, म्हणजे न्यायालयासमोरच्या कामात होते. तिथे एखाद्या मालमत्तेसाठी वारसांना आपापसांत बोलीही लावता येते. हे सगळे आता २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्याखाली चालते. सगळे वारस एकमताने विकणार असतील तर दस्त करून एकत्र सह्या देता येतात. मतभेद असतील तर आधी इन्व्हेंटरी करून मगच विक्री करावी.

मुंबईतल्या फ्लॅटला हा कायदा लागतो का?

मूळ गोव्याचे कायम अधिवासी असणाऱ्यांना लागू शकतो. भारतात कुठेही असलेल्या गोवेकराच्या मालमत्तेच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले. म्हणून आपला अधिवास कुठला, हा प्रश्न वकिलाला आधी विचारावा.

घर आपले, पण जमीन भाटकाराची असेल तर?

१९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही. राहते घर आणि लगतची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. हा अर्ज मामलेदाराकडे करावा लागतो. मुंडकाराचे नाव लागले, पण खरेदी झाली नाही, तर ती जमीन त्याची झालेली नसते. उलट भाटकाराकडून जमीन घेणाऱ्याने त्यावरचा मुंडकार तसाच राहणार हे धरून चालावे.

डिचोलीतल्या मये गावाची गोष्ट निराळी आहे. मुक्तीनंतर पोर्तुगालला गेलेल्या मालकांची तिथली जमीन अनेक वर्षे कस्टोडियनच्या ताब्यात होती. तो प्रश्न सोडवण्यासाठी सरकारने २०१४ मध्ये वेगळा कायदा केला. तिथले घर घेताना सनद आणि तिच्या अटी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुखत्यारपत्रावर व्यवहार चालतो का?

परदेशातल्या भावाने सहीसाठी मुखत्यारपत्र देणे योग्य आहे. पण मुखत्यारपत्र, करार आणि ताबा यांनीच घर विकले असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते स्पष्ट केले आहे. मालकी नोंदणीकृत विक्रीखतानेच बदलते. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी द्यावा लागतो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून सरकारात भरायचा असतो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळे आणि कापणी जास्त असते.

आम्ही काही विकणार नाही. मग काळजी कसली?

मालक परगावी, घर बंद आणि कागद अर्धवट, अशाच मालमत्ता खोटे दस्त करणाऱ्यांच्या नजरेत येतात. अशा तक्रारी इतक्या वाढल्या की जून २०२२ मध्ये गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. म्हणून वर्षातून एकदा तरी एक-चौदाचा ताजा उतारा काढून पाहावा. उपनिबंधक कार्यालयातून बोजा नसल्याचा दाखलाही घ्यावा. वारसांचा दस्त झाला की नावे लावण्यासाठी फेरफाराचा अर्ज करावा.

चवथीला सगळे भाऊबंद एका माटोळीखाली जमतात. त्या दिवसांत एक संध्याकाळ काढून वारसांची यादी लिहावी, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले गोळा करावेत, ही आमची सर्व सभासदांना विनंती आहे. आई-वडील, काका-आत्या हयात असताना जे तासाभरात कळते, तेच पुढच्या पिढीला कोर्टात वर्षानुवर्षे शोधावे लागते.