घोंगडीचे पैसे कुठे अडतात

खेड्यातल्या कारागिरांना मदत करायची म्हटलं की आधी प्रदर्शनच आठवतं. शहरातलं सभागृह, मांडलेल्या वस्तू, दोन-तीन दिवसांची विक्री. प्रदर्शनं हवीतच. पण कारागिराचा पैसा विक्रीच्या कितीतरी आधी अडकलेला असतो. तो कुठे अडकतो हे माणदेशातल्या घोंगडीवरून चांगलं समजतं, कारण मेंढी, चरखा आणि माग हे सगळं त्याच पट्ट्यात आहे.

सुरुवात दख्खनी मेंढीपासून. दुष्काळी मुलखात मैलोन्‌मैल चालणारी ही काटक जात. तिची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, साधारण पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो भरते, म्हणजे एका घोंगडीमागे चार-पाच मेंढ्या तरी धराव्यात. लोकर जाडीभरडी असल्यामुळे स्वेटर विणणाऱ्या गिरण्यांना ती चालत नाही. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, तेवढी मऊ. जावळाची घोंगडी म्हणूनच महाग.

धनगराचं घर आज लोकरीवर चालत नाही, मटणावर चालतं. त्यामुळे अनेकांनी कळपात माडग्याळ जातीचे मेंढे आणले. जत तालुक्यातली ही जात अंगाने भरते, पण तिच्या अंगावर लोकर फारच कमी. धनगराचा यात काही दोष नाही. कातरणीची मजुरीही सुटणार नसेल, तर लोकरीसाठी मेंढी कोण पाळेल? म्हणजे घोंगडीची पहिली अडचण मागावर नाहीच, ती कळपात आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीला वेगळा, बरा भाव मिळाला तरच ती टिकेल.

कातरलेली लोकर निवडायची, काटेकुसळं काढायची, रंगाप्रमाणे वेगळी करायची, मग पिंजायची. त्यानंतर चरख्यावर सूत काढायचं. हे काम बहुतेक बायकांचं, तेही चूल, पाणी, गुरं सांभाळून. एका मागाला सतत पुरेल एवढं सूत एकटी बाई काढू शकत नाही. मागामागे अशा अनेक जणी लागतात. तास मोजले तर घोंगडीत सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि सर्वांत कमी मोबदलाही इथेच मिळतो. मला वाटतं, या साखळीतला खरा अन्याय इथे आहे. विणकराचा फोटो छापून येतो, सूत काढणारीचा येत नाही. तिने चरखा बाजूला ठेवून रोजंदारी धरली की चालू माग आपोआप बंद पडतो.

मग सूत सनगर समाजातल्या विणकराकडे येतं. ताण्याला आधी खळ देतात. चिंचोके भाजून त्यांची टरफलं काढायची, ते भिजवून वाटायचे आणि शिजवून चिकट खळ करायची. ताणा उघड्यावर लांबच्या लांब ताणून कुंच्याने ती सुतावर चढवायची आणि उन्हात वाळू द्यायची. खळीमुळे सूत तुटत नाही, वीण घट्ट बसते. नवी घोंगडी ताठ आणि खरखरीत लागते ती यामुळेच. वापरता वापरता ती मऊ होते. हे कुणी सांगितलेलं नसलं की शहरातलं गिऱ्हाईक टोचते म्हणून घोंगडी परत करतं आणि नुकसान विणकराच्या माथी येतं. विकताना एवढं समजावून सांगणं हीसुद्धा मदतच आहे.

आता सरकारी आधार. घोंगडीसारख्या कांबळ्या यंत्रमागावर विणू नयेत, त्या हातमागासाठी राखून ठेवाव्यात, अशी तरतूद 1985 च्या कायद्याखाली आहे. पण बाजारात घोंगडीची गाठ पडते ती कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटशी, आणि ते या राखीव यादीने थांबत नाही. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार असे 18 व्यवसाय आहेत, पण विणकर त्यांत नाही. त्याच्यासाठी हातमागाच्या वेगळ्या योजना आहेत, विणकर मुद्रा कर्ज आहे. गावात काम करणाऱ्या संस्थेने आधी हा फरक समजून घ्यावा. नाहीतर चुकीच्या अर्जापायी माणसाचे हेलपाटे होतात आणि रोजची मजुरीही बुडते.

खेळतं भांडवल ही शेवटची आणि सगळ्यांत मोठी अडचण. लोकर कातरणीच्या वेळी रोखीने घ्यावी लागते, सुताचे पैसे आठवड्याला द्यावे लागतात आणि घोंगडी विकली जाते कितीतरी महिन्यांनी, यात्रेत किंवा थंडीत. मधला काळ विणकर व्यापाऱ्याच्या उचलीवर काढतो. उचल घेतली की भाव व्यापारी ठरवतो. म्हणून दुकानदाराने किंवा संस्थेने माल ‘विकला गेला तर पैसे’ या बोलीवर ठेवून घेणं विणकराला परवडत नाही. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, उरलेली माल हातात पडताच. ठरवताना सुताचा दर वेगळा लिहावा, म्हणजे चरख्यावरच्या बाईला काय मिळतं ते उघड राहील.

मागणी कधी नोंदवायची यालाही महत्त्व आहे. पावसात ताणा उघड्यावर वाळत नाही, काम रखडतं. पुढच्या थंडीसाठी शंभर घोंगड्या हव्या असतील तर आगाऊ रक्कम आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या कातरणीलाच पोचवावी. तेव्हा नवी लोकर बाजारात असते, पुढे उन्हाचे सलग महिने मिळतात, आणि पाऊस लागायच्या आत बराचसा माल मागावरून उतरलेला असतो.